आप्पांची दाढ

आप्पांना स्टेंट, म्हणजे हृदयाच्या नळीत घालायची बारीक जाळी, बसवून चार महिने झाले होते, तेव्हा त्यांची दाढ ठणकायला लागली. कुणीतरी सांगितलं, काढायच्या आधी पाच दिवस रक्त पातळ व्हायच्या गोळ्या बंद ठेवा, नाहीतर रक्त थांबणार नाही. आप्पांनी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही बंद केल्या. मला बोलले नाहीत, आणि मीही गोळ्यांचा डबा उघडून पाहिला नाही. सहाव्या दिवशी पहाटे साडेचारला त्यांनी हाक मारली. बनियन घामाने चिंब, डावा हात छातीशी. स्टेंटमध्येच गुठळी झाली होती.

आप्पा वाचले. हृदयाचं पंपिंग मात्र ५५ टक्क्यांवरून ४० वर आलं, ते आलंच.

‘रक्त पातळ’ या शब्दानेच घात केला असं मला वाटतं. या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. डेंग्यूमुळे घरोघरी माहीत झालेल्या त्या प्लेटलेट्स, त्या एकमेकींना सहज चिकटून गुठळी होऊ नये एवढंच या गोळ्यांचं काम. प्लेटलेट ७ ते १० दिवस जगते आणि ॲस्पिरिनचा परिणाम तिच्यावर मरेपर्यंत राहतो. गोळी थांबली की रोज नव्या, चिकटणाऱ्या प्लेटलेट्सची भर पडते. पाच दिवसांत जवळजवळ निम्म्या. आणि स्टेंटच्या जाळीवर तोवर नळीचं आतलं अस्तर नीट चढलेलं असतंच असं नाही.

ब्लॉकेज म्हणजे नळीत हळूहळू साचलेली चरबी, अशी माझी समजूत होती. आप्पांच्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. चरबीच्या थराला बारीक चीर जाते, तिच्यावर छोटी गुठळी धरते, शरीर ती चीर भरून काढतं आणि वाट थोडी आणखी अरुंद होते. माणसाला पत्ताही नसतो. असं अनेकदा होऊ शकतं. एखादी गुठळी मोठी झाली, नळी पुरती बंद झाली, की आपण त्याला ॲटॅक म्हणतो. अमेरिकेत १९८० साली ॲटॅक आल्यापासून ४ तासांच्या आत तपासलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांची नळी पूर्ण बंद सापडली होती. तोवर गुठळी आधी की ॲटॅक आधी, यावरच डॉक्टरांत वाद होता!

ती दाढ गेल्या महिन्यात काढली. या वेळी दातांच्या डॉक्टरांनी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. दोन्ही गोळ्या चालूच ठेवल्या, एक टाका घातला, आप्पांनी अर्धा तास कापसाचा बोळा दाबून धरला. रक्त थांबलं.