पदवीनंतरचं एक वर्ष डोंगरात: मी निर्णय कसा घेतला

पदवीच्या शेवटच्या सत्रात माझ्या हातात दोन पत्रं होती. एक ॲनालिस्टच्या नोकरीचं, इंटर्नशिपमधून मिळालेलं. दुसरं उंच डोंगरात गिर्यारोहकांसाठी असलेल्या एका निवाऱ्यात वर्षभर मदतनीस म्हणून राहण्याचं. तिथे राहणं-जेवण मिळणार होतं, वर हातखर्चापुरते पैसे. इक्विटी रिसर्चमध्ये, म्हणजे कंपन्यांचा अभ्यास करून त्यांचे शेअर जोखण्याच्या कामात, जायचं हे पक्कं होतं आणि आजही आहे. तरी डोंगराची ओढही तितकीच खरी होती.

बाबांचा आक्षेप नेमका होता. "पहिल्या वर्षीचा पैसा सगळ्यात जास्त वर्षं वाढतो. तेच वर्ष सोडतेस?" मग मी गणित मांडलं. आठ टक्क्यांनी 100 रुपयांचे 35 वर्षांत सुमारे 1,479 होतात. चार टक्के महागाई धरली, तर आजच्या किमतीत ते जेमतेम 375 उरतात. म्हणजे पहिल्या वर्षी जी शिल्लक पडली असती, तिच्या पावणेचार पट नुकसान; आणि नव्या नोकरदाराची शिल्लक असते किती! दुसरी बाजूही तपासली. बढत्या एकेक वर्ष पुढे गेल्या आणि निवृत्तीचं वय तेच राहिलं, तर बुडतो तो शेवटच्या वर्षाचा, सगळ्यात मोठा पगार. पण 35 वर्षांनंतरची रक्कम त्याच आठ टक्क्यांनी आजच्या मूल्यात आणली, की तिचा पंधरावा हिस्साच उरतो. आकडा लहान नव्हता, पण झेपणारा होता.

खरी भीती वेगळीच होती. मोठ्या वित्तसंस्था नवे पदवीधर बहुधा पदवीच्या वर्षानुसार घेतात. ती खिडकी बंद झाली की पुढच्या वर्षी तुम्ही ना विद्यार्थी, ना अनुभवी. माझ्या मते गॅप इयरचा विचार करताना पगारापेक्षा हाच प्रश्न आधी विचारायला हवा: परतीचं दार उघडं राहतं का? स्टुअर्ट मायर्स यांनी 1977 मध्ये 'रिअल ऑप्शन्स' ही कल्पना मांडली. निर्णय पुढे ढकलता येण्यालाही किंमत असते, हे त्यातलं सूत्र आम्ही कारखाने आणि खाणींच्या उदाहरणांवर शिकलो होतो. इथे ते माझ्यावरच लागू होत होतं.

म्हणून नकार न कळवता मी कंपनीला रुजू होण्याची तारीख वर्षभर पुढे न्यायची लेखी विनंती केली. वर्षात काय करणार आणि कधी परतणार, ते स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं: जागा ठेवू, पण रिसर्च टीमची हमी नाही. त्या एका ओळीवर मी सगळ्यात जास्त विचार केला. शेवटी हो म्हटलं, कारण कंपनीच्या आत राहून टीम बदलता येते. बाहेरून आत शिरणं फार अवघड.

सीएफए ही गुंतवणूक-विश्लेषणातली तीन लेव्हलच्या परीक्षांची पात्रता; तिचं वेळापत्रकही जुळवावं लागलं. चार्टर, म्हणजे ती पात्रता, मिळण्यासाठी किमान 36 महिन्यांत 4,000 तासांचा संबंधित अनुभव लागतो आणि निवाऱ्यातलं काम त्यात धरलं जाणार नव्हतं. पण लेव्हल वन फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये देता येते. परीक्षा केंद्रावर संगणकावर असते, त्यामुळे वाट खुली असेल असाच महिना निवडला. एका लेव्हलला साधारण 300 तास अभ्यास लागतो. तो कमी गर्दीच्या महिन्यांत विभागला.

वर मला हिशेब आणि कोठार मिळालं, आणि हे काम मला मनापासून आवडलं. गाडीरस्ता नव्हता. गॅस, धान्य, औषधं हंगामाच्या सुरुवातीलाच चढवायची. जास्त आणलं तर पैसा अडकतो, माल नासतो. कमी आणलं तर वादळात अडकलेल्या माणसांना द्यायला काही नसतं. वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजच्या व्यवहारात अडकणारा पैसा, वर्गात शिकले होते, पण राखीव साठा कशासाठी ठेवायचा हे मला तिथे कळलं.

परतल्यावर मला टीम मिळाली ती क्रेडिटची, म्हणजे कंपन्या कर्ज फेडू शकतील का हे तपासणारी. रिसर्चची जागा भरली होती; हे नुकसान झालंच आणि ते मी मोजते. मात्र कंपन्यांच्या ताळेबंदात साठ्याचा आकडा अचानक फुगलेला दिसला, की आता माझे प्रश्न लवकर सुरू होतात. अंतर्गत बदलीसाठी एक वर्ष थांबावं लागतं. लेव्हल वन झाली आहे, लेव्हल टूसाठी ऑगस्टची नोंदणी केली आहे.