त्या दिवशी २ ऑक्टोबर नव्हती

“२ ऑक्टोबरला तुमच्याकडे खाल्ली ती पावभाजी कशी केली होतीस गं?” हे मला कुणी ना कुणी अजून विचारतं. जे त्या दिवशी आलेच नव्हते तेही विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सगळं सांगते. पण आधी तारीख. तो १ ऑक्टोबर २०२३ होता, रविवार.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी गुरुवारी आली, शुक्रवारी ईदची सुट्टी, मग शनिवार-रविवार आणि सोमवारी गांधी जयंती. आमच्या डोंबिवलीतले ओळखीचे निम्मे लोक गावाला पळाले होते. उरलेल्यांना मी बोलावलं, आम्ही दोघं धरून अकरा जण. आईचा फोन आला, “अगं, पितृपक्षात कसल्या जेवणावळी घालतेस?” म्हटलं, जेवण कुठे आहे, पावभाजी आहे. यावर तिला काही सुचलं नाही.

पावभाजीच का, तर ‘दृश्यम २’ बघायचा होता. पहिल्या भागात गोव्यातला केबलवाला विजय साळगावकर बायको-मुलींना पणजीला नेतो, सत्संग होतो, सिनेमा होतो, हॉटेलात पावभाजी होते. मग घरच्यांना पोलिसांपासून वाचवायला तो वाटेत भेटलेल्या माणसांच्या डोक्यात हळूच २ ऑक्टोबर ही चुकीची तारीख सरकवतो. पोलीस विचारतात तेव्हा ती माणसं अगदी खरेपणाने चुकीचं सांगतात. तेव्हापासून २ ऑक्टोबर आली की सगळ्यांच्या फोनवर पावभाजीचे विनोद फिरतात. आम्ही फक्त विनोद शिजवायला घेतला.

आता भाजी. दीड किलो बटाटे, पाऊण किलो फ्लॉवर, अर्धा किलो फ्रोझन मटार (त्या दिवसांत ताजे मटार परवडत नाहीत आणि चांगलेही नसतात), सव्वा किलो टोमॅटो, अर्धा किलो कांदे, चार मोठ्या सिमला मिरच्या. जुलैत त्याच टोमॅटोला हात लावायची सोय नव्हती आणि सप्टेंबर संपेस्तोवर शेतकऱ्याच्या हातात काही उरत नव्हतं. मी पिशवीभर आणले आणि ते स्वस्त मिळाल्याचा आनंद काही झाला नाही.

खरं काम शनिवारी रात्रीचं. वीस काश्मिरी मिरच्या कोमट पाण्यात भिजवून लसणाच्या दोन गड्ड्यांबरोबर वाटल्या. लोण्यात थोडं तेल घालून आधी कांदा, मग सिमला मिरची. ती टोमॅटोच्या आधी पडायला हवी, म्हणजे लोण्यात भाजली जाते. नंतर टाकली की नुसती शिजते आणि गाडीवरचा तो वास येत नाही. मग वाटण, टोमॅटो, मसाला, आणि कडेने तूप सुटेपर्यंत परतत राहायचं. मला चाळीस मिनिटं लागली. नवरा बाहेर ‘दृश्यम’चा पहिला भाग उजळणी म्हणून बघत होता, मी संवाद ऐकत ढवळत होते. इथेच थांबायचं, झाकून ठेवायचं. रविवारी उकडलेल्या भाज्या त्यात घालून स्मॅशरने हाताने ठेचायच्या. मिक्सर नको. एकदा मी घाईत बटाटे मिक्सरमधून काढले होते, खळ तयार झाली होती. पोस्टर चिकटवता आली असती. भाज्या उकडलेलं पाणी फेकायचं नाही, कारण भाजी गार होताना घट्ट होत जाते आणि दुसऱ्या वाढणीला तेच पाणी गरम करून लागतं.

कोथिंबीर मात्र नव्हती. आणली होती, निवडली होती. पण दोघे मित्र येताना हातात बिअर घेऊन आले, बाटल्या आडव्या घालताना कोथिंबिरीचा डबा फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकला आणि पानं गोठून काळी पडली. लिंबू आणि कच्च्या कांद्यावर भागवलं.

सिनेमाबद्दलही विचारतात, तर माझं मत सांगते. पहिला हिंदी ‘दृश्यम’ २०१५चा, निशिकांत कामतांचा. ‘डोंबिवली फास्ट’ त्यांचाच, त्यामुळे आमच्या स्टेशनात उतरणाऱ्या कुणालाही ते थोडे घरचे वाटतात. ऑगस्ट २०२० मध्ये ते गेले. दुसरा भाग २०२२ मध्ये अभिषेक पाठक यांनी केला. गोष्ट सात वर्षांनी पुढे सुरू होते. डाव मोठा आहे, शेवटी आमच्या हॉलमध्ये चक्क टाळ्या पडल्या. तरी मला पहिलाच जवळचा. त्यात घर दिसतं, दुसऱ्यात डाव दिसतो. अक्षय खन्नाने मात्र मजा आणली. तो पडद्यावर आला की लोकांचा पाव हातातच राहायचा, आणि मी मध्यंतराशिवाय तवा सोडू शकत नव्हते, म्हणून त्याचे दोन प्रसंग मी नुसते ऐकले. सात लाद्या पाव मीच भाजले. पुढच्या वेळी पाव भाजायला दुसरं कुणीतरी.

तर तारीख. मागच्या महिन्यात त्यातलीच एक मैत्रीण पुन्हा म्हणाली, “२ ऑक्टोबरलाच होतं, मला पक्कं आठवतंय. कोथिंबीर नव्हती.” मी म्हटलं, बरोबर, आणि कोथिंबीर का नव्हती? बाटल्यांमुळे. २ ऑक्टोबरला ड्राय डे असतो, बाटल्या मिळाल्या असत्या का?

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “आदल्या दिवशी आणून ठेवल्या असतील त्यांनी.”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, “२ तारखेलाच होतं ना?”