‘क्रँक दॅट’ची चुटकी अजून जमत नाहीये

काल रात्री चुटक्यांचे ३९ टेक (रेकॉर्डिंगचे प्रयत्न) घेतले, त्यातला एक ठेवण्यासारखा निघाला. अंगठा लाल झालाय. मागच्या वेळी मी म्हटलं होतं की ‘क्रँक दॅट’ गाण्याचा हा बीट, म्हणजे रॅपमागचं वाजणं, एका शनिवारात उरकेन. आज तिसरा आठवडा चालू आहे, तेव्हा ज्यांनी तेव्हा हसून घेतलं त्यांनी आता उरलेलं हसून घ्या.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. मी दक्षिणेकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या, हिप हॉपचे जुने बीट घरी कानाने उतरवते. सँपल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तयार तुकडा, उचलायचं नाही, प्रत्येक आवाज स्वतः बनवायचा, एवढाच नियम. या वेळचा नंबर रॅपर सोल्जा बॉयच्या पहिल्याच सिंगलचा, ‘क्रँक दॅट’चा. २००७ चं गाणं. पोरगा तेव्हा जेमतेम १७ वर्षांचा. जन्म शिकागोचा, वाढला अटलांटात आणि मग मिसिसिपीतल्या बेट्सव्हिल या छोट्या गावात. एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे आपण सगळे अजून ज्याला सवयीने फ्रूटी लूप्स म्हणतो त्यावर, त्याने हा बीट स्वतः बनवला, गाणं इंटरनेटवर टाकलं, आणि पोरांनी त्यावर नाचाचे व्हिडिओ करून ते गावोगाव नेलं. फाइल शेअरिंगवर दुसऱ्यांच्या हिट गाण्यांची नावं देऊन तो आपली गाणी चढवायचा, लोक उतरवायचे एक आणि वाजायचं भलतंच. मग अटलांटाच्या मिस्टर कॉलिपार्क या निर्मात्याने त्याला करारबद्ध केलं, इंटरस्कोप या रेकॉर्ड कंपनीमार्फत रेकॉर्ड बाजारात आलं, आणि सप्टेंबर २००७ मध्ये ते बिलबोर्ड हॉट १०० वर, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत, पहिलं. एकूण सात आठवडे पहिलं. ग्रॅमीला बेस्ट रॅप साँगचं नामांकनही मिळालं.

आणि हा बीट त्याने दहा मिनिटांत केला असं सांगितलं जातं. अक्षरशः चुटकीसरशी. माझे तीन आठवडे.

पहिला आठवडा: चौकटी

टेंपो, म्हणजे मिनिटाला ठोके, कुणी ७० सांगतं, कुणी १४०. दोन्ही बरोबर, मोजायची पट्टी वेगळी. मी १४० धरला, कारण मग स्टेप सिक्वेन्सरच्या, म्हणजे ठोके भरायच्या पट्टीच्या, १६ चौकटींत एक बार (एक आवर्तन) बसतो आणि चुटकी बरोबर नवव्या चौकटीत येते.

इथेच माझं घोडं पेंड खायला लागलं. लहानपणी सहा वर्षं तबला शिकले आहे. १६ चौकटी समोर आल्या की माझ्या डोक्यात तीनताल सुरू होतो: पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्या मात्रेला खाली. खालीला हात वाजवायचा नाही, नुसता उघडायचा. आमच्या गुरुजींनी गुडघ्यावर टाळी धरायला लावून ती सवय हाडात भिनवली आहे. आणि हे गाणं सगळा जोर नेमका त्या नवव्या चौकटीत घालतंय! जिथे माझा हात उघडतो, तिथे अटलांटाची पोरं चुटकी वाजवतात.

पहिले चार दिवस माझ्या बीटमध्ये पाचव्या आणि तेराव्या चौकटीत काही ना काही आपोआप येऊन बसायचं. कधी हाय-हॅट (ड्रमसेटमधली छोटी झांज), कधी टाळीचा बारीक तुकडा. मला वाटायचं, छान भरलाय. मूळ गाणं लावलं की कळायचं, मी त्याचा लग्नातला बँड केलाय. शेवटी पाच आणि तेरा या चौकटींवर मॉनिटरवर खरोखर चिकटपट्टी लावली. हसू नका, उपयोग झाला.

दुसरा आठवडा: पिंप

गाण्याची ओळख म्हणजे ती स्टील ड्रमची धून. स्टील ड्रम म्हणजेच स्टीलपॅन, हे त्रिनिदादचं वाद्य, तेलाच्या पिंपांचे तळ ठोकून ठोकून सुरात आणलेलं. गेल्या शतकात १९३० आणि ४० च्या दशकांत तिथल्या पोरांनी घडवलं. मी आधी अभ्यास म्हणून खऱ्या पॅनचे आवाज ऐकले आणि तसाच श्रीमंत, थरथरता आवाज बनवायच्या मागे लागले. बनलाही चांगला. बीटवर ठेवला तर समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलची जाहिरात सुरू झाली. हातात शहाळंच द्यायचं बाकी होतं.

मग पुन्हा कान लावून ऐकलं. या गाण्यातलं पिंप खरं नाहीच. ते सॉफ्टवेअरमधलं पिंप आहे, पातळ आणि थोडं प्लॅस्टिकचं, आणि त्याची मजा त्यातच आहे. तेव्हा उलट दिशेने गेले. एफएल स्टुडिओतला थ्रीएक्स ऑस्क हा सिंथ उघडला, त्याच्या तिन्ही ऑसिलेटरवर (आवाज काढणाऱ्या भागांवर) साइन वेव्ह, म्हणजे सगळ्यात साधा सूर. पहिला मूळ सुरावर, दुसरा १२ सेमीटोन (अर्धे स्वर) वर, तिसरा १९ वर, म्हणजे तार सप्तकातला पंचम. खरा पॅन बनवणारे कारागीरसुद्धा एकेका सुराच्या पोटात हाच सप्तक आणि हाच पंचम ठोकून बसवतात, म्हणून एवढ्यावरच आवाज पिंपाच्या गावाला पोचतो. दुसऱ्याचा आवाज निम्मा, तिसऱ्याचा त्याहून कमी, अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) शून्य, डिके (उतरायचा वेळ) आखूड. सस्टेन (सूर धरून ठेवणं) पूर्ण खाली ओढा, नाहीतर हार्मोनियम होते. रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) अगदी चिमूटभर.

धून उतरवायला वेळ लागला नाही, छोटीशीच आहे आणि फिरून फिरून तीच येते. वेळ गेला तो ती बिघडवण्यात. पियानो रोलमध्ये, म्हणजे नोटा मांडायच्या खिडकीत, प्रत्येक नोटची वेलॉसिटी (किती जोरात वाजते ते) मी कमीजास्त केली, दोन नोटा किंचित मागे ओढल्या, माणसाने वाजवल्यासारखं वाटावं म्हणून. तीन संध्याकाळी त्यात घातल्या. मग भाचा आला, कानाला हेडफोन लावून म्हणाला, “मावशी, हे दमल्यासारखं का वाजतंय?” बारा वर्षांचा आहे, पण कान तिखट. सगळ्या नोटा निवडल्या, वेलॉसिटी होती तशी एका रेषेत आणली, ग्रिडला चिकटवल्या. लगेच जीव आला. खेळण्यातलं माकड झांज वाजवतं तसं ताठ, न थकता. माझ्या कानाला तरी या धुनीचा सगळा तोरा त्या ताठपणात आहे.

त्याच आठवड्यात बुधवारी लाइट गेली आणि दोन तासांचं काम सेव्ह न करता गेलं. कंट्रोल एस, मंडळी. दर पाच मिनिटांनी.

८०८ चं थोडं

८०८ चा बास ड्रम, म्हणजे खालचा जड ठोका, बनवायला सोपा: साइन वेव्ह, सुरुवातीला पिच झपकन खाली, मग लांब शेपूट. रोलँड कंपनीचं मूळ ८०८ हे ड्रम वाजवणारं यंत्र १९८० ते १९८३ एवढंच बनलं, खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून तेव्हा नावं ठेवली गेली, आणि मायामीपासून अटलांटापर्यंतच्या गाड्यांच्या डिक्क्यांनी त्याला देव केलं. अडचण एकच, हेडफोनवर छाती दणाणते आणि मोबाइलच्या स्पीकरवर काहीच ऐकू येत नाही, कारण ५० हर्ट्झच्या आसपासचं तिथे वाजतच नाही. फ्रूटी फास्ट डिस्ट हा आवाज फाटका करणारा इफेक्ट थोडासा चढवला, वरचे हार्मोनिक (मूळ सुरावरचे उपसूर) निघाले, आता मोबाइलवर निदान ‘ढुप’ कळतं. हे गाणं रिंगटोनच्या जमान्यातलं आहे, मोबाइलवर वाजलं नाही तर मग काय उपयोग? त्या काळातल्या अशा गाण्यांना रिंगटोन रॅप म्हणून हिणवलं जायचं. मला ते हिणवणं कधीच पटलं नाही. बोटाएवढ्या स्पीकरवर ओळखू येणारी धून बांधून दाखवा, मग बोलू.

तिसरा आठवडा: चुटकी

या गाण्याचा प्रकार स्नॅप म्युझिक, आणि हे नावच चुटकीवरून पडलं. अटलांटाच्या डीफोरएल, डेम फ्रँचाइझ बॉइज या रॅप गटांनी स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम) काढून तिच्या जागी चुटकी बसवली. डीफोरएलचं ‘लाफी टॅफी’ २००६ च्या सुरुवातीला हॉट १०० वर पहिलं आलं होतं, म्हणजे सोल्जा बॉय आला तेव्हा रस्ता तयार होता. ऐकायला वाटतं, चुटकी काय, कुणीही वाजवेल. वाजवून बघा.

न्हाणीघरात रेकॉर्ड केली तर विहिरीत पडल्यासारखी आली. कपाटात डोकं घालून केली तर मेलेली. गोधडी डोक्यावरून घेऊन मोबाइल एक वीत लांब धरला तेव्हा कुठे बरी आली, पण मग बोटांचा घाम. बोटांना टाल्कम पावडर लावली की ‘टक्’ स्वच्छ येतो, जास्त लावली की नुसतं ‘फुस’. चुटकीचा खरा आवाज मधलं बोट अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्यावर आपटण्याचा असतो, घासण्याचा नाही. त्यामुळे तळहात थोडा खोलगट ठेवला की आवाज भरतो. हे मला ३१ व्या टेकला कळलं.

आता एकाच चुटकीचे तीन थर केलेत: एक मधोमध, एक डावीकडे १० मिलिसेकंद उशिरा, एक उजवीकडे १८ ने. १५० हर्ट्झखालचं सगळं कापलंय. घोळक्याने वाजवल्यासारखी येते, पण मूळ गाण्यातली चुटकी जशी कपाळावर येऊन बसते तशी अजून नाही. कदाचित टाळीचा एखादा थर खाली लागेल. कुणी करून पाहिलं असेल तर सांगा. फक्त ‘सँपल पॅक घे’ असं सांगू नका.

काल रात्री साडेअकराला पूर्ण लूप भाच्याला ऐकवला. पाय क्रॉस करून उडी, मग बाजूला झुकून हात पुढे, त्याला तो नाच कुठून येतो देव जाणे, त्याच्या जन्माआधीचा आहे. पहिले दोन बार बरोबर नाचला. तिसऱ्याला अडखळला आणि म्हणाला, “इथे काहीतरी जास्त आहे.” बघितलं तर तेराव्या चौकटीत एक हाय-हॅट. चिकटपट्टी कधी निघून पडली होती कळलंच नाही.