वेळासची कासवं आणि आमचा नव्वद किलोमीटरचा वळसा

'शंभर टक्के कासवं दिसणार, गॅरंटी!' सहलवाल्याने फोनवर तीनदा सांगितलं आणि मी पैसे भरून मोकळा झालो. गॅरंटी देणारा कुणीही भेटला तर फोन ठेवून द्या.

कोकणातल्या वेळासला जायचा सोपा रस्ता म्हणजे हरिहरेश्वरवरून बागमांडला, तिथून जेट्टीने, म्हणजे फेरीबोटीने, खाडी ओलांडून वेसवी. जेट्टी रात्री उशिरा नसते, हे सहलवाल्याला ठाऊक नसावं! आम्ही पोचलो तेव्हा शेवटची फेरी गेलेली. मग आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड असा वळसा. त्या वळणांवर गाडीतले निम्मे लोक पिशव्या शोधत होते. वर ड्रायव्हरने 'जादा किलोमीटर' म्हणून माणशी पैसे उकळले. अंधार पडायच्या आत जेट्टी गाठता येत नसेल तर त्या दिवशी निघूच नका.

रात्री दीडला पोचून सहाला उठलो. हॅचरीतल्या, म्हणजे कासवाची अंडी जपायच्या कुंपणातल्या, घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात, शेजारी अंडी घातल्याची तारीख आणि संख्या लिहिलेली पाटी. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला टोपल्या उचलतात. सगळ्या रिकाम्या. संध्याकाळीही तेच. तिथल्या पोराला विचारलं तर म्हणाला, "दादा, वाळू ठरवते. आम्ही नाय."

खरंच आहे. ऑलिव्ह रिडलेची, म्हणजे इथे येणाऱ्या समुद्री कासवाची, अंडी साधारण ४५ ते ६० दिवस घेतात; वाळू तापलेली असेल तर लवकर फुटतात. तीस अंशांच्या आसपास पारडं फिरतं: वाळू त्याहून गरम तर बहुतेक माद्या, थंड तर नर. म्हणजे उन्हाळे असेच चढत गेले तर नर कुठून आणायचे?

दुसऱ्या सकाळी एका टोपलीखाली नऊ पिल्लं. काळपट, तळहातात मावतील एवढी, पाठीवर वाळू चिकटलेली. एकाला लाटेने तीनदा उलटं परत फेकलं, चौथ्यांदा ते गेलं. रस्त्याचा सगळा राग तिथे विरघळला, खोटं कशाला बोलू. पण दोरीच्या पुढे मोबाईलचा फ्लॅश मारणाऱ्यांना हाकललंच पाहिजे. पिल्लं उजेडाकडे वळतात, त्यांना समुद्र म्हणजे उजळ क्षितिज.

पुढे ती जातात कुठे? वेळासच्या 'प्रथमा'ला २०२२ मध्ये माग काढायला सॅटेलाइट टॅग लावला, पण ती मोठी मादी. एवढ्याशा पिल्लाला टॅग पेलणार कसा? अटलांटिकमध्ये लॉगरहेड या दुसऱ्या जातीच्या कासवांच्या काही महिन्यांच्या पिल्लांना छोटे सौर टॅग लावले, तेव्हा ती नुसती प्रवाहाबरोबर वाहत न जाता सरगॅसम शेवाळाच्या तरंगत्या गादीत रमलेली दिसली. तिथे ऊब, खाणं आणि लपायला जागा. जपानमध्ये जन्मलेली काही लॉगरहेड पिल्लं तर पार मेक्सिकोपर्यंत जातात. वाटेतलं गार पाणी त्यांना अडवतं. पाणी तापलेल्या वर्षी तिथे वाट उघडते, असा अंदाज आहे. तो तपासायला २०२३ पासून टॅग लावलेली पिल्लं भर समुद्रात सोडताहेत. थोडक्यात, पिल्लू बहुधा पाण्याची ऊब बघून मुक्काम ठरवतं, आणि आपण तीच ऊब हलवतोय.

किमान दोन रात्री धरा. शनिवार-रविवार टाळा, बॅटरी आणू नका. एका मुक्कामात कासव बघायचंय असे लोक घरी बसले तरी चालेल.

येताना जेट्टी मिळाली. बघता बघता पलीकडे. वळशाचे पैसे मात्र अजून परत आलेले नाहीत.