बाईंची मागची भिंत

शाळेला ५० वर्षं होतायत, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला आणि मला पहिल्यांदा आठवली ती आमच्या इतिहास-भूगोलाच्या बाईंच्या वर्गातली मागची भिंत. बाईंचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही, आणि आमच्या बॅचला "मागची भिंत" एवढं म्हटलं तरी कळतं.

इतर वर्गांत वर्षाच्या सुरुवातीला तक्ते लागायचे ते रंग उडेपर्यंत तिथेच. बाईंकडे नवीन युनिट सुरू व्हायच्या दिवशी भिंत पार कोरी असायची. वर फक्त एक लांब कागदी पट्टी आणि तिच्यावर एकच प्रश्न. नववीत औद्योगिक क्रांतीला तो होता, "यंत्रं आली तेव्हा कुणाचं भलं झालं?" मग पुढचे चौदा तास जे काही भिंतीवर लागेल त्याचा या प्रश्नाशी संबंध असायलाच हवा, नसेल तर चित्र कितीही सुंदर असू दे, बाई शांतपणे काढून ज्याचं त्याला परत द्यायच्या. आणि अक्षर मोठं हवं. नवीन काही लावलं की त्या स्वतः शेवटच्या कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसायच्या आणि तिथून मोठ्याने वाचून बघायच्या, अडखळल्या की आम्ही ते परत लिहायचं.

चिठ्ठ्यांचे रंग ठरलेले होते. जे घडलं ते पांढऱ्यावर, कुणीतरी सांगितलेलं किंवा लिहून ठेवलेलं निळ्यावर, आणि आपल्याला पडलेला प्रश्न पिवळ्यावर. पांढरं आणि निळं वेगळं ठेवणं हे मला तेव्हा उगाच किचकट वाटायचं, पण एके दिवशी बाईंनी दोन निळ्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी लावल्या. एकीवर १८३२ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे गिरणीत लहानपण गेलेल्या कामगारांनी दिलेल्या साक्षी, दिवस उजाडायच्या आत उठणं, थकून पेंगलं की मार. दुसरीवर गिरण्यांचं कौतुक करणाऱ्या एका लेखकाने १८३५ मध्ये लिहिलेलं, की तिथली मुलं किती आनंदी दिसतात. बाई काहीच बोलल्या नाहीत. तो अख्खा तास आम्ही भांडलो, कोण कुणासाठी बोलतंय, कुणाला काय गमवायची भीती आहे, आणि घंटा झाली तरी कुणी उठेना.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती सुतळी. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली, १७६० ते १८५०, स्केल ५ सेंटीमीटरला १ वर्ष, म्हणजे साडेचार मीटर. तारखा आम्हीच मोजून टाचायच्या. १७६९ ला दोन चिठ्ठ्या एकाखाली एक लावाव्या लागल्या, जेम्स वॉटचं वाफेच्या इंजिनातल्या सुधारणेचं पेटंट आणि आर्कराइटचं सूत कातायच्या यंत्राचं पेटंट, दोन्ही एकाच वर्षी. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १८३० ला. मला मिळालं होतं १८३३, इंग्लंडचा फॅक्टरी कायदा. टेप धरून मोजत गेले तर १७६९ पासून ३ मीटर २० सेंटीमीटर! मी दोन्ही हात पसरले तरी पुरेना, मधे मैत्रिणीला उभं केलं तेव्हा कुठे दोन्ही टोकं हाताला लागली. ६४ वर्षं हा आकडा मी पुस्तकात वाचला असता तर विसरले असते, पण यंत्र येणं आणि त्या यंत्रावर राबणाऱ्या पोरांसाठी नीट कायदा होणं यात दोन मुली मावतात हे नाही विसरले.

तिथे मी चिठ्ठीवर लिहिलं, "१८३३ ला बालमजुरी बंद झाली." बाईंनी ती काढली नाही, खोडलीही नाही, फक्त शेजारी एक पिवळी चिठ्ठी लावली, "सगळ्यांची? सगळीकडे?" मग मला शोधावं लागलं. कायदा फक्त कापड गिरण्यांचा, ९ वर्षांखालच्या मुलांना बंदी पण त्यातूनही रेशमाच्या गिरण्या वगळलेल्या, ९ ते १३ वयाच्या मुलांना दिवसाला ९ तास काम चालायचंच, आणि सगळ्या देशात तपासणीला इन्स्पेक्टर किती तर ४. खाणींमधल्या पोरांपर्यंत कायदा पोचायला १८४२ उजाडलं, म्हणजे सुतळीवर आणखी ४५ सेंटीमीटर. माझी चुकीची चिठ्ठी युनिट संपेपर्यंत तिथेच होती आणि तिच्याभोवती या सगळ्या चिठ्ठ्या.

हे सगळं आपसूक व्हायचं असं नाही. बाईंची प्लॅनिंगची फुलस्केप वही टेबलावर उघडीच असायची, कुणीही बघावी. त्या शेवटापासून लिहायच्या. आधी शेवटचा प्रश्न, त्याखाली उत्तर देताना मुलांकडे कुठले पुरावे हाताशी पाहिजेत, आणि मग मागे मागे येत कुठल्या तासाला काय. सगळं पेन्सिलने. चौदातले दोन तास रिकामे सोडलेले असायचे, मी विचारलं तर म्हणाल्या, "ते तुमचे. तुम्ही कुठे अडाल ते मला आत्ता कसं माहीत असणार?" आमचं भांडण आणि माझं १८३३ या दोन तासांत बसलं.

भूगोलातही तेच, मर्केटरचा १५६९ चा नकाशा आणि ग्लोब शेजारी ठेवून "नकाशा खरं बोलतो का?" विचारलेलं, नकाशावर ग्रीनलंडएवढीच दिसणारी आफ्रिका खरं तर त्याच्या साधारण चौदापट आहे हे तेव्हा कळलं, पण ते इथे नको, लांबेल.

युनिट संपलं की भिंत उतरवायला चारपाच जण थांबायचो. त्या दिवशी मी टाचण्या डबीत भरत होते आणि बाई वहीत लिहीत होत्या, त्यांच्याकडे उजव्या बाजूला एक कॉलम होता, "काय अडलं". मी डोकावले. सातव्या तासासमोर लिहिलं होतं, "कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला असं मुलांना वाटतं. आधी अपवाद दाखवावेत."

दोन वर्षांनी माझा धाकटा भाऊ त्याच वर्गात गेला. एका संध्याकाळी दप्तर टाकता टाकता म्हणाला, ताई, आज बाईंनी कायदा काय होता ते सांगितलंच नाही, नुसतं विचारलं की यातून सुटलं कोण.