पित्ताची गोळी आणि सकाळचा चहा

निपाणीत मेडिकलच्या काउंटरवर बसलं की 'ती पित्ताची गोळी द्या' हे दिवसभर कानावर पडतं. पॅन्टोप्राझोल, ४० मिलिग्रॅम. गोळी चांगली आहे, पण लोक जेवण जड झाल्यावर ती सोड्यासारखी घेतात. पोटात आधीच सुटलेल्या आम्लावर तिचा काही उपयोग नाही. आम्ल तयार करणारे पंप ती बंद करते, आणि ते पंप जेवणाने चालू होतात. म्हणून सकाळी चहाच्याही आधी, नाश्त्याला अर्धा-एक तास असताना घ्यायची. पाण्यासोबत, अख्खी. चावली की वरचं आवरण जातं आणि औषध पोटातच नासतं.

संकेश्वरी मिरचीचा ठेचा, वर तंबाखूचा बार आणि रात्री अकराला जेवण. गोळी तरी काय करणार? हे मी तोंडावर सांगते. मालकांना आवडत नाही.

"अगं, मी वर्षानुवर्षं घेतोय, काय झालं?" असं म्हणणारे मामा आहेतच. मामा, बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, एकदा डॉक्टरांना विचारा. मनानं एकदम बंदही करू नका, जळजळ दुप्पट उसळते. ॲस्पिरिनसोबत पोट सांभाळायला दिली असेल तर मुळीच नाही. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, चालू असेल तर ओमेप्राझोल ही पित्ताचीच दुसरी गोळी नको, चिठ्ठी दाखवा.

काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, विनाकारण वजन उतरणं, यातलं काही असेल तर मी गोळी देत नाही, सरळ दवाखान्यात पाठवते. छातीत दुखून घाम फुटला असेल तर रिक्षा मीच बोलावते.