ट्रिक स्कीइंगचे गुण वाचताना आधी शेवट पाहा

वॉटर स्कीइंगच्या स्पर्धेत स्लालम, जंप आणि ट्रिक्स असे तीन प्रकार असतात. स्लालममध्ये बॉया, म्हणजे पाण्यावरचे तरंगते गोळे, मोजल्या जातात, जंपमध्ये मीटर. ट्रिक्समध्ये मात्र एक माणूस बोटीमागे 20 सेकंद गरगर फिरतो आणि फलकावर काही हजारांचा आकडा उमटतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे जिम्नॅस्टिक्ससारखे शैलीचे गुण असणार. इथे शैलीला एकही गुण नाही. प्रत्येक ट्रिकची किंमत नियमपुस्तकात ठरलेली आहे. ट्रिक झाला तर पूर्ण गुण, नाही तर शून्य. अर्धे गुण मिळत नाहीत.

स्कीअरला 20 सेकंदांचे दोन पास, म्हणजे दोन संधी, मिळतात. प्रथा अशी की एका पासमध्ये दोरीचं हँडल हातात असतं आणि दुसऱ्यात पाय हँडलच्या पट्ट्यात अडकवून पायानेच ओढून घ्यायचं. दोन्ही पास मिळून एक ट्रिक एकदाच मोजला जातो, आणि उलट दिशेने केला तर आणखी एकदा. बोटीचा वेग स्कीअर स्वतः सांगतो. बहुतेक जण एकच आखूड, रुंद, खाली फिन (उभं पातं) नसलेली स्की वापरतात. फिन नाही म्हणूनच ती पाण्यावर आडवी-उलटी सहज फिरते, आणि म्हणूनच तिच्यावर नुसतं सरळ उभं राहणंही शिकावं लागतं.

आता ट्रिक ओळखायचा कसा? नवशिका परीक्षक गिरक्या मोजायला जातो आणि तिसऱ्या ट्रिकलाच मागे पडतो. गिरकी मोजू नका, ती कुठे थांबली ते बघा. ट्रिक लिहायचे संकेत तसेच बनवलेले आहेत. बी म्हणजे बोटीकडे पाठ करून थांबला, एफ म्हणजे तोंड करून थांबला. अर्ध्या वळणाला आकडा नसतो. समोरून सुरू करून पूर्ण 360 अंशांनी पुन्हा समोर आला की ओ. पाठीकडून सुरू करून पाठीवरच संपला की बीबी. पुढे 5 म्हणजे 540 अंश, 7 म्हणजे 720. आधीचा ट्रिक कुठे संपला ते लक्षात असेल तर पुढच्याची सुरुवात आपोआप कळते. 5बी लिहिलं की समोरून निघाला आणि दीड फेरीने पाठीवर आला, हे त्यातच आलं.

आकड्यांच्या आधीची अक्षरं सांगतात की फिरला कुठे आणि कशाने. डब्ल्यू म्हणजे वेकवर, बोटीमागे उठणाऱ्या लाटेच्या कडेवरून उडी घेऊन हवेत. एल म्हणजे वळताना मोकळा पाय दोरीवरून गेला. टी म्हणजे पायाने धरून. आर म्हणजे उलट दिशेने.

एका स्कीवर साधा बी 60 गुणांचा, ओ 90 चा. तोच ओ वेकवर केला तर 150, पायाने धरून पाण्यावर केला तर 200 आणि पायाने धरून वेकवर केला तर 300. वेकवरची मागची कोलांटी 500 ची. आता एक सोपा पास मांडून पाहू. साइडस्लाइड (स्की आडवी करून थांबणं) 40, उलट दिशेची साइडस्लाइड 40, बी 60, एफ 60, उलटा बी 60, उलटा एफ 60, ओ 90, उलटा ओ 90. आठ ट्रिक, सगळे स्वच्छ, बेरीज 500. म्हणजे एक कोलांटी नीट उतरवणाऱ्याने हा अख्खा पास एका उडीत भरून काढला. वरच्या पातळीवर हातांच्या पासमध्ये कोलांट्यांची रांग का लागते, ते या बेरजेतच आहे. पुरुषांचा जागतिक विक्रम 12,000 च्या पुढे आहे. दर सेकंद-दीड सेकंदाला महागडा ट्रिक पडल्याशिवाय तो आकडा येत नाही.

गुण जातात ते बहुतेक ठरलेल्या जागी. ओ करताना पाठ वळली तिथे क्षणभर थांबला, तर तो ओ राहत नाही. ते बी आणि एफ झाले. ते दोन्ही आधीच मोजले गेले असतील तर पुनरावृत्ती म्हणून शून्य. उलटा ओ करायचा ठरवून घाईत त्याच दिशेने फिरला तरीही तेच. साइडस्लाइडमध्ये स्की आडवी होऊन तिथे थांबलेली दिसावी लागते. नुसती झुलवली तर परीक्षक काहीच लिहीत नाही. वेकच्या ट्रिकमध्ये स्की पाण्यातून सुटलेली दिसली पाहिजे. दमलेला स्कीअर शेवटच्या पाच सेकंदांत नेमका इथेच चुकतो: कडा चढतो, पण उडत नाही. माझ्या मते परीक्षकाने सगळ्यात जास्त डोळा याच जागेवर ठेवावा.

उलट्या ट्रिकला क्रमाचीही अट आहे. तो मूळ ट्रिकच्या मागोमाग यावा लागतो. बी आणि एफ सारख्या ट्रिकमध्ये मधे परतीचा एक ट्रिक चालतो, म्हणूनच बी, एफ, उलटा बी, उलटा एफ ही साखळी सगळीकडे दिसते. मूळ ट्रिक करून भलतंच काही केलं आणि मग आठवण झाली, तर ते गुण गेले.

पायाच्या पासमध्ये हात दोरीला लागता कामा नये. पडला आणि पाय पट्ट्यातच अडकून राहिला तर गुडघा, घोटा जाऊ शकतो, म्हणून बोटीत एक माणूस फक्त दोरी सोडण्याच्या खटक्यावर हात ठेवून बसलेला असतो. त्याची नजर एक क्षणही हलू नये. प्रशिक्षक हा माणूस निवडायला जितका वेळ देतात, तितका तो द्यायलाच हवा.

पहिल्या पासमध्ये पडलं की उरलेला वेळ गेला. स्कीअरला उचलून दुसरा पास सुरू होतो. पडण्याआधीचा ट्रिक मिळतो का, हा वादाचा मुद्दा. नियम सरळ आहे: ट्रिक संपवून स्कीअर सावरून स्कीच्या स्थितीत आला होता का? आला असेल तर गुण, तोल गेलेल्या अवस्थेतच पाण्यात गेला तर नाही. परीक्षक एकटा ठरवत नाही, तीन किंवा पाच जणांत बहुमत चालतं, आणि आता व्हिडिओ थांबवून पाहता येतो. वेळ संपतानाचा ट्रिकही तिथेच ठरतो. भोंगा वाजला तेव्हा स्की अजून फिरत असेल, तर तो ट्रिक कितीही देखणा असला तरी कागदावर येत नाही.